भांड्यावर नाव, दारावर पाटी: छोट्या दुकानाला कोणतं लेझर?

स्टीलच्या वाटीवर ८० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर कितीही वेळ फिरवा, नाव उमटत नाही. तीच वाटी २ वॅटच्या इन्फ्रारेड लेझरखाली धरली की मिनिटाभरात काम होतं. उलट, ५ मिमीच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून हा इन्फ्रारेड किरण आरपार निघून जातो आणि सीओटू तेच अ‍ॅक्रिलिक लोण्यासारखं कापतं. मशीन विकणारा मात्र सगळ्यात आधी विचारतो, 'किती वॅटचं हवं?'

वॅटचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तरंगलांबीचा. सीओटूचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा असतो. लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, काच, कातडं तो पूर्ण शोषून घेतात, उघडा धातू मात्र परतवून लावतो. फायबर लेझर १०६४ नॅनोमीटरवर चालतं, वरचं २ वॅटचं इन्फ्रारेडही तिथेच. धातूला ते चालतं, काच आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिक त्याला जणू दिसतच नाहीत. निळं डायोड लेझर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतं: लाकूड, कातडं, रंग दिलेली बाटली आणि काळं अ‍ॅक्रिलिक यांवर ठीक, पारदर्शक आणि निळ्या अ‍ॅक्रिलिकवर निरुपयोगी. त्यामुळे मशीन बघायला निघण्याआधी गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि धातू किती, अ‍ॅक्रिलिक किती, लाकूड किती याची बेरीज करा. निवड तिथेच निम्मी होते.

एका पेटीत दोन लेझर

गेल्या काही वर्षांत आलेल्यांपैकी गिफ्टच्या आणि भांड्यांच्या दुकानाला सगळ्यात उपयोगी प्रकार हाच. एक्सटूल एफ१ हे त्याचं ओळखीचं उदाहरण: १० वॅटचं निळं डायोड आणि २ वॅटचं १०६४ नॅनोमीटरचं इन्फ्रारेड एकाच डोक्यात, ११५ × ११५ मिमीचं क्षेत्र, वजन पाच किलोच्या आत. त्याचा थोरला भाऊ एफ१ अल्ट्रा. त्यात २० वॅट फायबर, २० वॅट डायोड आणि २२० × २२० मिमीचं क्षेत्र मिळतं.

दोन्ही मशीन गॅल्व्हो पद्धतीची आहेत. यात डोकं पट्ट्यावर पुढेमागे धावत नाही, दोन छोटे आरसे किरण फिरवतात. वेगातला फरक हिशेबानेच कळेल. १०० × १०० मिमीची जागा ०.१ मिमी अंतराच्या रेघांनी भरायची तर १००० रेघा, म्हणजे १०० मीटर प्रवास. पट्ट्याच्या मशीनवर ३०० मिमी प्रतिसेकंद वेगाने साडेपाच मिनिटं लागतात, वर प्रत्येक रेघेच्या टोकाला थांबून वळण्याचा वेळ. गॅल्व्होवर २००० मिमी वेगाने तेच काम पन्नास सेकंदांत. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाच्या दोनशे वाट्या घेऊन गिऱ्हाईक आलं की हा फरक थेट गल्ल्यात दिसतो.

जाहिरातीतला ४००० किंवा १०,००० मिमीचा वेग मात्र विसरा. तो आरशांचा वेग आहे, कामाचा नव्हे. १० वॅटचं डायोड एवढ्या वेगाने लाकडावर फिरवलं तर तपकिरी सावलीपलीकडे काही मिळत नाही.

स्टीलवर २ वॅट इन्फ्रारेड आणि २० वॅट फायबर यांत फरक खोलीचा आणि वेळेचा. २ वॅटवालं वरवरची बारीक, सुबक खूण देतं. वाटी, पेन, किचेन, व्हिजिटिंग कार्डाएवढी पट्टी, इथवर ते पुरतं. पितळी पाटीत नखाला लागेल इतकं खोल कोरायचं असेल तर ते काम त्याचं नाही. २० वॅट फायबरवर स्टीलसाठी सुरुवात म्हणून ८०० ते १००० मिमी वेग, ५०-६० टक्के पॉवर, ४० किलोहर्ट्झच्या आसपास फ्रिक्वेन्सी आणि ०.०४ मिमी रेघ-अंतर ठेवा, मग दोन्ही बाजूंना सरका. पितळ-तांब्याला जास्त पॉवर आणि जास्त फेऱ्या लागतात. तांबं १०६४ नॅनोमीटरचा बहुतेक प्रकाश परतवतं, म्हणून तांब्याची बाटली स्टीलच्या सेटिंगवर ठेवली तर अंधुक डाग मिळतो आणि दोष मशीनला दिला जातो.

स्टीलवर काळं नाव हवं असेल तर कोरायचं नाही, तापवायचं. वेग १०० मिमीच्या आसपास, फ्रिक्वेन्सी जास्त, किरण फोकसच्या किंचित वर. हे आणि रंगीत खुणा मोपा प्रकारच्या फायबर सोर्सवर नीट जमतात, कारण त्यात पल्सची रुंदी बदलता येते. साध्या क्यू-स्विच सोर्सवर ती ठरलेली असते. पण रंगांच्या मोहात पडून मोपा घेऊ नका. स्टीलचा लॉट बदलला की निळ्याचा जांभळा होतो आणि प्रत्येक वेळी चाचणीची चौकट पुन्हा काढावी लागते. काळ्या खुणेसाठी घेतलं तर पैसे वसूल होतात.

भांड्यांच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. स्टील गंजत नाही ते वरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. लेझरने तो थर जळतो, आणि मिठाच्या पाण्यात राहिलेल्या डब्यावर महिन्याभरात नावाच्या जागी तांबूस गंज दिसू लागतो. नाव बाहेरच्या बाजूला घाला, गरजेपेक्षा खोल जाऊ नका आणि काम झाल्यावर सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने ती जागा पुसून, धुऊन, कोरडी करून द्या. अन्न लागतं त्या बाजूला कोरायला सरळ नाही म्हणा.

गोल भांड्याचा दुसरा त्रास फोकसचा. ७० मिमी व्यासाच्या बाटलीवर २० मिमी रुंद नाव टाकलं तर मध्य आणि कडा यांच्या उंचीत सुमारे दीड मिलिमीटरचा फरक पडतो. तो चालून जातो. तेच नाव ३० मिमी रुंद केलं की फरक जवळजवळ साडेतीन मिलिमीटर होतो आणि कडेची अक्षरं फिकी पडतात. त्यापुढे रोटरी, म्हणजे भांडं फिरवत ठेवणारी जोडणी, हवीच. बाटल्यांना रोलरची रोटरी चालते. निमुळत्या पेल्याला आणि कानाच्या कपाला चकने पकडणारी, तिरपी करता येणारी लागते.

आणि डोळे. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि इजा होऊन गेल्यावरच कळतं. चकचकीत गोल भांडं तर प्रत्येक दिशेला किरण फेकणारा आरसाच आहे. काउंटरवर गिऱ्हाईक, शेजारी त्याचं पोर डोकावतंय, अशा दुकानात उघडं फायबर मशीन ठेवायला आमचा स्पष्ट विरोध आहे. झाकणवाल्या पेटीचा खरा फायदा हाच. पण मोठा डबा किंवा कळशी झाकणाखाली मावत नाही, मग झाकण उचलून काम सुरू होतं आणि फायदा तिथेच संपतो. अशी कामं गिऱ्हाईक नसताना, मागच्या खोलीत, १०६४ साठीच बनवलेला चष्मा घालून करा. निळ्या डायोडसोबत येणारा नारिंगी चष्मा इथे काहीही थांबवत नाही.

गॅल्व्होवर कापायचं काम मनातून काढून टाका. किरण मध्यापासून कडेकडे जाताना तिरका होतो. १६० मिमी फोकसच्या भिंगाखाली, मध्यापासून ५० मिमीवर तो पंधराएक अंश कललेला असतो, म्हणजे ३ मिमी प्लायची कड पाऊण मिलिमीटर तिरपी. शिवाय किरणाबरोबर हवेचा झोत नसतो, त्यामुळे कड काळी पडते. किचेन, कानातले यांपुढे जाऊ नका. मोठं क्षेत्र हवं म्हणून ११० ऐवजी १७५ मिमी क्षेत्राचं भिंग लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ठिपका दीडपटीहून मोठा होतो आणि जोर निम्म्याहून कमी उरतो.

सोनारांसाठी एक ओळ: अंगठीच्या आत नाव-तारीख कोरायला फायबर उत्तम, पण हॉलमार्कचा सहा अक्षरी ओळख क्रमांक (एचयूआयडी) दुकानात कोरता येत नाही. तो बीआयएसमान्य केंद्रातच उमटतो.

देवनागरी

परदेशी परीक्षणांत हा भाग कधीच नसतो आणि इथे मशीन घेतल्यावर पहिल्या दिवशी हाच अडतो. फायबरसोबत येणाऱ्या इझीकॅड२ मध्ये किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये थेट मराठी टाइप करायच्या भानगडीत पडू नका. जोडाक्षरं तुटतात, 'र्‍या' आणि 'क्ष' हमखास बिघडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये मजकूर लावा, कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत, बदला आणि मगच एसव्हीजी किंवा डीएक्सएफ करून मशीनकडे पाठवा.

पण फक्त कर्व्ह करून भागत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. भरीव कोरताना सॉफ्टवेअर अशा दुहेरी जागेला 'आतलं भोक' समजतं आणि शिरोरेषेवर जागोजागी पांढरे चौकोन राहतात. कापताना त्याहून वाईट होतं: प्रत्येक अक्षर स्वतंत्र कापलं जाऊन 'देशपांडे' चार तुकड्यांत हातात येतं. कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन करा, मग वायरफ्रेममध्ये बघा. एका शब्दाची एकच बाहेरची रेघ दिसली पाहिजे.

कापलेल्या अक्षरांच्या पाटीला शिरोरेषा हे वरदानच आहे, सगळा शब्द एका तुकड्यात राहतो. सुटे पडतात ते अनुस्वार आणि चंद्रबिंदूचे ठिपके. एक तर त्यांना दीड-दोन मिलिमीटरचा पूल द्या, नाहीतर ते वेगळे कापून चिकटवण्यासाठी कागदाचा साचा त्याच फाइलमधून काढून ठेवा. 'कुलकर्णी'तला रफार आणि 'श्री'तला रकार बारीक फाँटमध्ये तुटतात. ३ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये कुठलीही रेघ दोन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका.

पाट्या आणि ट्रॉफी: सीओटूला पर्याय नाही

अ‍ॅक्रिलिक आणि एमडीएफ हा मुख्य धंदा असेल तर नवं-जुनं बघत बसू नका, काचेच्या नळीचं सीओटू घ्या. छोट्या जागेला एक्सटूल पी२ सारखी बंद पेटी आहे: ५५ वॅट, सुमारे ६०० × ३०० मिमीचं क्षेत्र, कॅमेऱ्यावर बघून डिझाइन ठेवता येतं. दिसायला देखणी, शिकायला सोपी. पण ८ × ४ फुटांच्या शीटमधून तुकडे पाडून धंदा करणाऱ्याला ९०० × ६०० किंवा १३०० × ९०० चं साधं मशीन परवडतं, कारण नळी, आरसे, भिंग, पॉवर सप्लाय हे सगळं बाजारात सुटं मिळतं आणि गावातला जाणता वायरमनही ते बदलू शकतो. कंट्रोलर रुइडाचा असावा. त्यावर लाइटबर्न आणि आरडीवर्क्स ही दोन्ही सॉफ्टवेअर चालतात.

वॅटचं लेबल नळीच्या मापावरून तपासा. ७०० मिमी लांबीची नळी ४० वॅटचीच, लेबलवर काहीही छापलेलं असो. खरी ८० वॅटची नळी १२०० मिमीच्या आसपास लांब आणि ८० मिमी जाड असते. म्हणून लहान मशीनमधून ती बऱ्याचदा बाहेर डोकावते आणि बाजूला जादा डबा जोडलेला असतो. तो डबा नसेल तर विचारा.

मशीनवर मिलिअँपिअरचा काटा आहे का ते बघा. फक्त टक्केवारी दाखवणारा पडदा पुरेसा नाही, नळी मरते ती करंटने. रोजचं काम कमाल करंटच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवलं तर नळी जास्त टिकते. साधारण ८० वॅटवर ३ मिमी एमडीएफ २० मिमी प्रतिसेकंद आणि ५ मिमी अ‍ॅक्रिलिक ८ ते १० मिमी वेगाने कापता यायला हवं. त्यासाठी ५०.८ मिमी फोकसचं भिंग बरोबर. १० मिमी आणि पुढच्या जाडीला १०१.६ मिमीचं लावा, नाहीतर कड मध्यावर फुगते. भिंगाची फुगीर बाजू वर. साफ करून उलटं बसवलेलं भिंग हे 'अचानक पॉवर गेली' या तक्रारीमागचं नेहमीचं कारण आहे.

नळी पाण्याने थंड ठेवणाऱ्या चिलरच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक होते. सीडब्ल्यू-३००० या पेटीत नुसता पंखा आणि रेडिएटर असतो, कॉम्प्रेसर नसतो. खोलीच्या तापमानाखाली पाणी जाऊच शकत नाही. मे महिन्यात अकोल्याला खोली ४० अंशांवर असेल तर पाणीही चाळिशीच्या वर, आणि नळी ३० च्या पुढेच अशक्त होऊ लागते. सीडब्ल्यू-५००० किंवा ५२०० घ्या.

कोकणात आणि मुंबईत प्रश्न उलटा. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६ अंशांजवळ असतो. पुस्तकात लिहिलंय म्हणून चिलर १८-२० वर लावलात तर नळीवर बाहेरून पाणी जमतं, आणि वीसेक हजार व्होल्टच्या टोकाशी ओल म्हणजे ठिणगी. पावसाळ्यात २७ वर ठेवा, किंवा खोलीत एसी लावून आर्द्रता उतरवा. चिलरमध्ये बोअरचं पाणी नको. क्षार साचतात आणि पाणी वीज वाहून नेतं. डिस्टिल्ड वॉटर भरा, दोन-तीन महिन्यांनी बदला.

वीज गेली, आली, आणि चिलरचं बटण सुरूच झालं नाही, असं होणारच. पाण्याचा प्रवाह थांबला की लेझर आपोआप बंद करणारा फ्लो स्विच त्यासाठीच असतो. काही मशीनमध्ये तो वायरने शॉर्ट करून ठेवलेला सापडतो. डेमोच्या वेळी पाण्याची नळी बोटांनी दाबा. दोन-तीन सेकंदांत लेझर बंद पडलं नाही तर मशीन घेऊ नका. आणि अर्थिंग स्वतंत्र हवं. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग मशीन.

धुराचा नळ सहा इंची, कमीत कमी वळणांचा, आणि ब्लोअर मशीनच्या पाठीशी नव्हे, नळाच्या बाहेरच्या टोकाला. तसं केलं की आतल्या नळातली हवा कायम बाहेर ओढली जाते, फटीतून धूर दुकानात येत नाही. सोसायटीच्या गाळ्यात असाल तर अ‍ॅक्रिलिकच्या वासावरून भांडण ठरलेलं. कार्बन फिल्टरच्या पेट्या मिळतात, पण एमडीएफमधला गोंद त्या झपाट्याने चोंदवतो. रोज एमडीएफ कापणाऱ्याने फिल्टरचा खर्च दरात धरावा.

सनबोर्डचं काय?

नाही. पाट्या करणाऱ्यांचा हा पहिला प्रश्न आणि उत्तर कोणत्याही लेझरला एकच. सनबोर्ड म्हणजे फेसाळ पीव्हीसी. जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती फुप्फुसात जाते आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, आरशांना गंजवते. व्हिनाइल आणि रेक्झिनही तेच. डब्ल्यूपीसीच्या नावाने विकले जाणारे बरेच बोर्ड पीव्हीसीचेच असतात. शंका असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, त्या प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. खिडकीशी उभं राहून करा. सनबोर्ड कापायला सीएनसी राउटर किंवा साधी कटर ब्लेडच बरी.

पॉलिकार्बोनेट पिवळं-तपकिरी जळतं. थर्मोकोल पेट घेतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये मात्र कास्टच मागा: कोरल्यावर पांढरं, दुधाळ उमटतं. एक्सट्रूडेड स्वस्त असतं, कापलेली कड चकचकीत येते, पण कोरलेलं दिसतच नाही. ट्रॉफीसाठी ते वाया.

कोल्हापुरी चपलेचं कातडं पारंपरिक पद्धतीने वनस्पतीच्या टॅनिनवर कमावलेलं असतं. ते सीओटूवर आणि निळ्या डायोडवरही सुरेख, गडद उमटतं. क्रोमने कमावलेल्या पर्सच्या कातड्यावर खूण करडी, चिकट येते आणि धूरही टाळण्यासारखा.

पट्ट्यावरचं उघडं डायोड मशीन, १० किंवा २० वॅटचं, याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लाकडी किचेन, कातडं, ३ मिमी प्लाय यावर हात बसवायला ठीक. वॅट विचारताना 'ऑप्टिकल' किती ते विचारा. '४० वॅट' लिहिलेल्या स्वस्त मशीनमध्ये तो आकडा विजेच्या वापराचा असतो आणि बाहेर पडणारा प्रकाश ५ वॅट. हवेच्या पंपाशिवाय घेऊ नका.

डेमोला जाताना

विक्रेत्याचा नमुना बघू नका, तो त्याच्या सेटिंगवर शंभरदा काढलेला असतो. आपला माल न्या: दुकानातली वाटी, ५ मिमी कास्ट अ‍ॅक्रिलिक, ५.५ मिमी एमडीएफ, पेनड्राइव्हवर स्वतःची मराठी फाइल, आणि व्हर्निअर.

सीओटूवर बेडच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एकाच सेटिंगवर छोटा चौकोन कापून घ्या. जवळच्या कोपऱ्यात कापतं आणि लांबच्या कोपऱ्यात नाही, तर आरसे जुळलेले नाहीत. मग १०० मिमीचा चौकोन कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, १४१ मिमीच्या जवळ यायला हवेत. एक मोठा, एक लहान आला तर गाडा तिरका बसलाय. १० मिमीचं वर्तुळ कापून दोन दिशांनी मोजा, अंडाकृती आलं तर पट्टा ढिला. कापात जाणारी जाडी काढायला अकरा समांतर रेघांनी दहा पट्ट्या पाडा, एकत्र सरकवा, उरलेल्या फटीला अकराने भागा. ०.१५ ते ०.२ मिमी आलं तर ठीक. खाचेत बसणाऱ्या ट्रॉफीच्या बैठकीला हाच आकडा लागतो. फायबरवर क्षेत्राच्या कडेला ५० मिमीचा चौकोन काढून बाजू बाकदार आहेत का ते पट्टी लावून बघा, बाकदार असतील तर भिंगाची दुरुस्ती फाइल त्यांच्याकडून तिथेच भरून घ्या.

कोटेशनमध्ये चिलर, ब्लोअर, हवेचा पंप, रोटरी, स्टॅबिलायझर, सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि १८ टक्के जीएसटी धरलेत का ते ओळीने बघा. नळीची वॉरंटी कुठल्या दिवसापासून मोजतात ते लेखी घ्या. चीनमधून निघाल्याच्या तारखेपासून मोजत असतील तर मशीन दुकानात लागेपर्यंत त्यातले दोन महिने गेलेले असतात. सुटी नळी आधीच घेऊन माळ्यावर ठेवू नका, न वापरताही तिच्यातला वायू उतरत जातो. त्याऐवजी एक जादा भिंग, एक आरसा आणि पट्टा ठेवा. आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर हाताशी हवं. पावडरचं मारलंत तर आग विझेल, पण रेल आणि आरसे त्या पावडरीने बाद होतील.